गोऱ्हे आणि गोर्रे

चोवीस वर्षं मी पोलिसाचे कागद वाहिले. वाचला एकही नाही. ते तेलुगूत असायचे आणि मी मराठी शाळेच्या चौथीतून उठलेला माणूस. भरतीला उभा राहिलो तेव्हा साहेबानं उंची पाहिली, छाती फुगवायला लावली, मैदानाला दोन फेरे मारायला लावले. वाचायला कोणी लावलं नाही. हे जे लिहून राह्यलो ते मात्र माझ्या हातचं आहे, जसं येते तसं. सून म्हणाली, "मामाजी, द्या, मी एकदा तपासून देते." मी म्हटलं, तपास आमी करत होतो बाई, तू राहू दे.

आमचं ठाणं मुधोळ-भैंशाच्या पट्ट्यातलं, सरहद्दीच्या तेलुगू अंगाला. कोणतं ते लिहीत नाही, तिथं काम केलेली माणसं अजून आहेत. आजूबाजूची गावं मराठी, कापूस-ज्वारी पिकवणारी. ठाण्यातला कागद आधी उर्दूत होता, मग तेलुगूत झाला, मराठीत कधीच झाला नाही. माणूस मराठीत रडायचा आणि त्याचं रडणं तेलुगूत लिहिलं जायचं. मधे मी. हुद्दा जवानाचा, पण खरं काम दुभाष्याचं. त्याचा वेगळा पगार नव्हता आणि मी मागितला नाही. ठाण्यात माझ्यावाचून पान हलत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मला तर फारच माहीत होतं.

लोक मला अजून विचारतात, ठाण्यात गेलं की पुढं काय होते हो? बरीच माणसं भीतीनं विचारतात. मला स्वतःला नोकरी लागली तेव्हा याचंच मोठं नवल होतं. माणूस तोंडानं एक गोष्ट सांगतो, ती गोष्ट कागदावर बसते आणि मग माणसाला घरी ठेवून एकटीच गावोगाव हिंडते. कुठं कुठं जाते, कोण कोण वाचते? तीच बॅगेत घालून मी हिंडायचो म्हणून मला थोडं कळलं, ते सांगतो.

आधी तर थांबावं लागते. अमीनसाब, म्हणजे फौजदार, गावात नसतात. असले तर जेवत असतात. मग ते विचारतात, काय झालं? इथं आपली माणसं चुकतात. एक पाटील भांडणाची फिर्याद घेऊन आला आणि त्यानं सुरुवात केली आज्याच्या वाटणीपासून. अमीनसाब दख्खनीत म्हणाले, "गणपत, इनको बोलो, दादा को छोडो, आज क्या हुआ?" मी सांगितलं. पाटील म्हणाला, "आजचंच सांगून राह्यलो जी, पन ते आज्यापासून हाये." दुसरा एक मास्तर सायकल चोरीला गेली म्हणून आला. लिहून घेताना मोहर्ररनं, म्हणजे ठाण्याच्या लिहिणाऱ्यानं, सायकलीची खूण विचारली. मास्तरनं खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. "अशीच हाये जी, निळी, त्या लिंबाखालच्या वानी." मग उठून जवळ जाऊन पाहिली आणि म्हणाला, "अशी काय, हेच हाये!" बेवारस सापडली म्हणून आम्हीच दोन दिवसांआधी आणून ठेवली होती. मास्तर आमच्याकडंच संशयानं पाहत सायकल घेऊन गेला.

तर सांगत होतो. तुमी सांगता ते मोहर्रर लिहितो. कार्बन घालून लिहितो. त्याला नंबर पडतो आणि तोच एफ.आय.आर. एक प्रत कोर्टाला, एक वरच्या साहेबाला, एक बुकात राहते आणि एक तुमाला, फुकट. पण या सगळ्याच्या आधी एक काम असते. लिहिलेलं तुमाला तुमच्या बोलीत वाचून दाखवायचं, तुमी "हौ, असंच झालं" म्हणायचं आणि मगच सही नाही तर अंगठा. खाली मोहर्रर एक ओळ लिहितो, की फिर्याद देणाऱ्याला मराठीत समजावून सांगितलं, त्यानं बरोबर आहे म्हटलं. त्या ओळीखाली माझी सही. सगळ्या पानावर तेवढंच मराठी असायचं, "गणपत". मी ते वळणदार काढायचो.

आता गयाबाईचं.

गावचे पटेल-पटवारी सरकारनं बंद करून दोन-तीन वर्षं झाली असतील. मोहर्रर म्हणून राजय्या नवीन आला होता. मंचिर्यालकडचा. जिल्हा आमचाच, पण तिकडं मराठीचा शब्द ऐकू येत नाही. पोरगेला, हुशार, अक्षर मोत्यासारखं. चार महिन्यांत बाजारात हिंडून तो थोडं मराठी शिकला. एक दिवस सकाळी सगळ्यांसमोर मला म्हणाला, "गणपतभाऊ, आता तुमी लागत नाही मला. मी समजते सगळं."

चेष्टेत म्हणाला असेल. मला ते झोंबलं. मी म्हटलं, "बरं जी राजय्यागारू. मग लिवा आता तुमीच." आणि व्हरांड्यात जाऊन पट्ट्याचं पितळ घासत बसलो.

तेवढ्यात गयाबाई आली. पन्नाशीच्या आतली, विधवा, घरी म्हातारा सासरा आणि चार एकर काळी. अनवाणी दोन कोस चालत आली होती. मृग लागायला पंधरा दिवस होते. गोठ्यातून तिचे दोन गोऱ्हे कोणी सोडून नेले होते. गोऱ्हा म्हणजे अजून पुरता बैल न झालेला, दोन-अडीच वर्षांचा. तिनं ते घरच्या गायीपासून वाढवले होते, आणि त्याच उन्हाळ्यात औताला शिकवले होते. दुसरी जोडी नव्हती. पेरणीच्या टायमात शेजारी कोणी बैल देत नाही, ज्याची त्याची ओल ज्याला त्याला. म्हणजे गोऱ्हे आले तर पेरा, नाही तर चार एकर पडीक.

मला आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"काय गेले आक्का?"

"गोऱ्हे नेले जी माये. दोन गोऱ्हे."

"गोर्रेलु?" राजय्या खुश झाला. "रेंडु? दोन?"

"हौ, गोऱ्हे. दोन."

"रंग?"

"एक पांढरा, एक तांबडा."

"वय?"

"असतीन दोन-अडीच वर्साचे."

"शिंगं?"

"आता कुठं फुटून राह्यले."

बोलणं इतकं सुरळीत चाललं होतं की मला राग आला. माझ्यावाचून काही अडलं नाही. राजय्यानं लिहिलं, तिचा अंगठा घेतला आणि कागद खिडकीतून माझ्यापुढं केला. "भाऊ, सही." नेहमी मी आधी विचारायचो, वाचा, मी बाईला सांगतो. त्या दिवशी विचारलं नाही. म्हटलं, याला मराठी समजते ना? समजू दे. वर कोर्टाच्या गावाची बस सुटायची वेळ झाली होती. सही ठोकली, वळणदार, आणि कोर्टाची प्रत बॅगेत घालून निघालो. मीच नेऊन दिली. पोच घेतली.

आठ दिवस काही झालं नाही. तपास म्हणजे काय ते लोकांना वाटते तसं नसते. लोकांना वाटते कागद दिला की जीप निघते. जीपमध्ये डिझेल असावं लागते, साहेब बंदोबस्तातून सुटावे लागतात. मधे मधे येऊन विचारलेलं बरं असते, भांडायचं नाही, पण दिसत राहायचं. गयाबाई दर दोन दिवसांनी दिसायची. लिंबाखाली बसायची. मी विचारायचो, "काय मावशी?" (माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती, पण मावशी म्हटलं की बाया मोकळं बोलतात.) ती म्हणायची, "काई नाई भाऊ. म्या हावो म्हनून सांगाले आली."

नवव्या दिवशी अमीनसाब मला म्हणाले, माळावर धनगरांचा वाडा उतरलाय, जाऊन बघ. मी गेलो. आमचे दोन जवान आधीच तिथं. म्हातारा धनगर काठी टेकून उभा, आणि मेंढरं असतील चार-पाचशे.

धनगर मला पाहून म्हणाला, "तुमी मराठी दिसता. या लोकायले सांगा जी. सकाळपासून म्हनून राह्यले, एक पांढरं न् एक तांबडं दाखव. आता म्या कोनतं पांढरं दाखवू?"

मी जवानांना विचारलं, "अरे, मेंढरं काऊन पाहता? बाईचे गोऱ्हे गेले."

त्यातला एक तेलुगू जवान म्हणाला, "अवुनु, हौ. गोर्रेलु. हेच तर गोर्रेलु."

तेलुगूत गोर्रे म्हणजे मेंढरू. मला ते माहीत होतं. पंधरा वर्षं माहीत होतं. गोऱ्ह्याला तेलुगूत कोडे म्हणतात हेही माहीत होतं. व्हरांड्यात बसून माझ्या कानानं गोर्रेलु ऐकलं होतं आणि मी पितळ घासत राहिलो होतो. पांढरं, तांबडं, दोन वर्षांचं, शिंगं फुटतायत: सगळं मेंढराला बसत होतं. उंची तेवढी कोणी विचारली नव्हती.

धनगराला मी म्हटलं, "माफ करा बुवा, आमचं चुकलं." तो म्हणाला, "तुमचं चुकलं न् माही मेंढरं अर्धा दिवस उपाशी राह्यली." मी दोन्ही जवानांना घेऊन माघारी फिरलो.

ठाण्यात येऊन राजय्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. पहिलं काय म्हणाला तर, "खोडून दुरुस्त करू भाऊ."

"बुकातलं खोडशील. कोर्टातल्याचं काय? ते तर म्याच नेऊन दिलं."

लोकांना सांगण्यासारखी गोष्ट ही आहे. एकदा कागद कोर्टात गेला की त्यावर कोणाचा हात चालत नाही. साहेबाचाही नाही. चूक झाली तर खोडायचं नसते, वेगळा जबाब घ्यायचा असतो आणि कोर्टाला वेगळा कागद पाठवायचा असतो, की आधी असं लिहिलं, खरं असं आहे. अमीनसाबांनी तसं केलं. दोघांनाही भरपूर शिव्या दिल्या, दोन भाषांत, आणि मग केलं.

त्याच हप्त्यात गयाबाईच्या भावाला गोऱ्हे दिसले. सरहद्दीजवळच्या एका गुरांच्या बाजारात, एका व्यापाऱ्याच्या दाव्याला. आम्ही जाऊन ते आणले, पंचनामा केला, ठाण्याच्या लिंबाला बांधले. गयाबाई धावत आली. मी तिला वाटेतच थांबवलं.

"मावशी, हात लावू नका."

"माह्या गोऱ्ह्याले म्या हात लावू नोको?"

"आता ते तुमचे नाही, व्यापाऱ्याचेही नाही. मुद्देमाल हाये. कोर्टाचे."

"कोर्ट वैरन टाकते का त्यायले?"

वैरण तीच टाकायची. रोज भारा डोक्यावर आणून माझ्या हातात द्यायची आणि मी टाकायचो. मृग लागला. पहिला पाऊस पडून गेला. आजूबाजूच्या शेतांत तिफणी चालू झाल्या आणि गोऱ्हे लिंबाखाली रवंथ करत उभे.

व्यापाऱ्याजवळ बाजाराची पावती होती. त्यानं मोठा वकील केला. कोर्टात पेशी लागली, गोऱ्हे कोणाच्या ताब्यात द्यायचे यावर. वकिलानं उठून एफ.आय.आर. वाचला. "बाईची फिर्याद मेंढरांची आहे. अकरा दिवसांनी पोलिसांनी दुसरा कागद जोडला. बाईनं माझ्या अशिलाची जोडी पाहिली आणि मेंढरांचे बैल झाले." लोक हसले. गयाबाईला तेलुगू कळत नव्हतं, तरी लोक आपल्याला हसले हे तिला कळलं. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला.

वकील पुढं म्हणाला, "आणि खाली लिहिलंय, बाईला मराठीत समजावून सांगितलं, तिनं बरोबर आहे म्हटलं. जवानाची सही आहे."

अमीनसाब आदल्या दिवशी मला म्हणाले होते, "गणपत, तू एवढंच बोल, सांगितलं होतं, बाईला समजलं नसेल. नौकरी का सवाल है." त्यात सगळे सुटत होते. राजय्या सुटत होता, मी सुटत होतो. राहत होती ती एकटी.

मला पुढं बोलावलं. जज्जसाहेबांनी कागद दाखवला. "ही सही तुमची?"

"माझी."

"बाईला वाचून समजावलं होतं?"

आता मी हट्टी माणूस, हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून सांगतो. मी कोणाचं ऐकत नाही. त्या दिवशी मला वाटलं, ज्या हट्टापायी चूक केली तोच हट्ट आता कामाला येऊ दे. म्हटलं, "नाही साहेब. मी रुसून बाहेर बसलो होतो. न ऐकता सही केली. बाई गोऱ्हे म्हणाली, ते मी कानानं ऐकलं. लिहिलं गेलं गोर्रे."

जज्जसाहेब तेलुगू होते. त्यांनी दोन्ही शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. गोऱ्हे, गोर्रे. एकदा, दोनदा. मग त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं, गोऱ्ह्यांची खूण सांगा. त्यानं रंग सांगितला, शिंगं सांगितली. मग मला म्हणाले, बाईला विचार.

ती म्हणाली, "तांबड्याच्या तोंडात खाली एक दाढ आडवी हाये. डाव्या अंगाची. वासरू होता तवापासून."

जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर बोलावला. कोर्टाच्या आवारात तांबड्याचा जबडा उघडला. दाढ आडवी होती.

गोऱ्हे सुपुर्तनाम्यावर तिच्या ताब्यात मिळाले. सुपुर्तनामा म्हणजे माल तुमच्याकडं राहील, पण विकायचा नाही, कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करायचा. तिची पेरणी आठ-दहा दिवस मागं पडली, पण पडीक राहिली नाही. मला चार्ज मेमो मिळाला. एक इन्क्रिमेंट थांबलं आणि बदली झाली नार्नूरकडच्या डोंगरात. राजय्याचं फार झालं नाही, तो पोरगा होता. निघताना मला बसवर सोडायला आला आणि म्हणाला, "भाऊ, चूक माझी बी होती." मी म्हटलं, "व्हती ना. पन सही माही."

डोंगरात माणसं गोंडी बोलतात. तिथं मीच मुका. बैलाला तिथं कोंदा म्हणतात, हे पहिल्या आठवड्यात विचारून घेतलं. गाय, शेळी, मेंढरू, कोंबडी, सगळं विचारून घेतलं. लोक हसायचे, हा जवान येतो आणि जनावरांची नावं विचारत बसतो. दुसऱ्याच्या बोलीत कोणत्या शब्दाच्या आड काय दडलेलं असते, याचं मला वेडच लागलं. एरवी तिथं करमण्यासारखं काही नव्हतं. घर लांब, बायको मुधोळला, पोरं तिच्याजवळ. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण पोरांच्या शाळेच्या वर्षांत मी घरी नव्हतो हे खरं.

चार वर्षांनी समन आलं. चोरीच्या खटल्याचा शेवट होता. साक्षीला मी, राजय्या, आणि मुद्देमाल घेऊन गयाबाई. जज्जसाहेब नवीन होते. वकील तोच.

कोर्टाच्या बाहेर लिंबाला दोन बैल बांधलेले. काय ते बैल. पांढऱ्याचं वशिंड हातभर वर आलेलं, तांबड्याची शिंगं ही अशी. दोघंही बडवून, म्हणजे खच्ची होऊन, पक्के झालेले. लेखनिक बाहेर येऊन पाहून आत गेला आणि म्हणाला, सुपुर्तनाम्यावर दोन कोडेलु आहेत, म्हणजे गोऱ्हे. बाहेर दोन एद्दुलु उभे आहेत, म्हणजे थोराड बैल. वकील लगेच उठला. म्हणाला, मुद्देमाल बदलला आहे.

जज्जसाहेबांनी गयाबाईकडं पाहून विचारलं. मी तिला मराठीत सांगितलं, मावशी, साहेब विचारतात, नेले तेव्हा गोऱ्हे होते, आणले ते बैल आहेत, असं कसं?

ती माझ्याकडं पाहतच राहिली. मग जज्जाकडं वळून म्हणाली, "साहेब, चार वर्सं झाली जी. तुमचा कागद हाये तेवढाच राह्यला. जनावराले खाऊ घातलं का ते वाढते."

"एमंटोंदि?" जज्जसाहेबांनी मला विचारलं. काय म्हणते?

मी शब्दाला शब्द ठेवून तेलुगूत सांगितलं. कागद, जनावर, खाणं, वाढणं. कुठंच दुसरा शब्द आड आला नाही. साहेब थोडे हसले, मग गंभीर झाले. दाढ पुन्हा पाहायला लावली. मग लेखनिकाला लिहायला सांगितलं, की तेव्हाचे दोन गोऱ्हे आज वाढून बैल झालेले आहेत, तेच आहेत, आणि ते आता कायमचे बाईचे.

लेखनिकानं कागद तिच्याकडं सरकवला, शाईचं पॅड उघडलं. मी हात आडवा घातला. "वाचा," म्हटलं. तो साहेबांकडं पाहू लागला. साहेब म्हणाले, वाच. तो एकेक ओळ तेलुगूत वाचत गेला आणि मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. पांढरा, तांबडा, आडवी दाढ, कायमचे. वकील घड्याळ पाहत उभा होता. घाई नव्हती, परतीची बस संध्याकाळी होती.

गयाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा "कायमचे" पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

"हौ जी," ती म्हणाली, "असंच झालं." आणि अंगठा पुढं केला.